जीएसटी उतरला, शॉकअप मात्र जाम!

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि सायकल व तिच्या सुट्या भागांवरचा कर १२ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आला. आमच्या ग्रुपवर लगेच हिशेब सुरू झाले. करासकट २५ हजारांना मिळणारी गिअरवाली एमटीबी आता साधारण साडेतेवीस हजारांना पडणार, म्हणजे दीड हजार वाचले! या दीड हजारात काय काय घ्यायचं याच्या याद्याही पडल्या. कुणी हेल्मेट, कुणी पुढचा लाइट, कुणी मोबाइल होल्डर, कुणी चाकाच्या तारांना लावायचे रंगीत स्टिकर. पण ‘फोर्कची सर्व्हिसिंग’ असं एकानेही लिहिलं नाही. मीही नाही. मला त्याची किंमत नंतर कळली, ती गोष्ट पुढे येईलच.

आता यात एक गंमत बघा. सायकल ५ टक्क्यांवर आली, पण ती नीट चालावी म्हणून जे वंगण तेल लागतं, त्यावरचा जीएसटी १८ टक्के होता तो तसाच राहिला. अर्थात सायकलला तेल लागतंच किती? चमचाभर. त्यामुळे अडचण कराची नाहीच. अडचण अशी आहे की आपण सायकल विकत घेतो, पण ती सांभाळण्याची व्यवस्था आपल्या आसपास तयारच झालेली नाही. त्याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो सायकलमधल्या सगळ्यात मिरवल्या जाणाऱ्या भागाला, म्हणजे पुढच्या शॉकअपला.

पटत नसेल तर कॉलेजच्या पार्किंगमध्ये जा. एखादी दोन-तीन वर्षं वापरलेली एमटीबी शोधा, मालकाला विचारा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर अंगाचा भार टाकून खाली रेटा. काही फोर्क हलतच नाहीत. काही ‘चर्र’ करत खाली जातात आणि आरामात, आळस देत वर येतात. काहींच्या चकचकीत नळ्यांवर गंजाची नक्षी उमटलेली असते. सुरुवातीला जसा चालत होता तसा, म्हणजे सहज खाली आणि तितक्याच सहज वर, चालणारा फोर्क सापडला तर त्या मालकाशी मैत्री करा. तो नक्कीच वेगळा माणूस आहे.

दोन नळ्यांमधलं राजकारण

फोर्क म्हणजे नक्की काय, हे आधी समजून घेऊ. वरून येणाऱ्या दोन गुळगुळीत नळ्या असतात, त्यांना स्टँशन म्हणतात. त्या खालच्या दोन जाड पायांमध्ये आत-बाहेर सरकतात. चांगल्या फोर्कमध्ये एका पायात स्प्रिंग असते (लोखंडी किंवा हवेची) आणि दुसऱ्यात डँपर. स्प्रिंगचं काम धक्का झेलायचं. पण नुसती स्प्रिंग असेल तर खड्ड्यानंतर सायकल गादीवर उड्या मारल्यासारखी वरखाली होत राहील. तिला आवर घालतो तो डँपर. त्यात तेल भरलेलं असतं आणि ते बारीक छिद्रांमधून ढकललं जातं, म्हणून हालचाल मंदावते. स्वस्त फोर्कमध्ये बऱ्याचदा हा डँपर नावापुरताच असतो किंवा नसतोच. तिथे आतलं घर्षणच डँपरचं काम करतं.

या दोन नळ्या ज्यावर घासतात त्या बुशिंगना वंगण लागतं. वरून धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी सील असतं आणि चांगल्या फोर्कमध्ये त्याखाली तेल शोषून ठेवणारी फोमची रिंग. झालं, एवढाच सगळा संसार. पण यातलं सील कोरडं पडलं की धूळ आत जाते, धूळ तेलात मिसळली की त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि ती पेस्ट प्रत्येक खड्ड्याला नळीचा थर खरवडत राहते. ॲल्युमिनिअमच्या नळीवरचा तो कडक थर एकदा गेला की परत चढवता येत नाही. वरचा अख्खा भाग बदलावा लागतो आणि तो जवळजवळ नव्या फोर्कच्या भावात पडतो.

सायकलला शॉकअप हे प्रकरण तसं फार जुनं नाही. पॉल टर्नर या अमेरिकन माणसाचा रॉकशॉक्स ‘आरएस-१’ हा फोर्क १९८९ मध्ये आला. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या दुरँगोला माउंटन बाइकिंगची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे डाउनहिलमध्ये ग्रेग हरबोल्ड हाच फोर्क लावून जिंकला. तोवर शॉकअपला नाकं मुरडणारेही त्यानंतर रांगेत आले. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंग आलं. थोडक्यात, डोंगरावरून जीव मुठीत धरून उतरणाऱ्यांसाठी बनलेली ही वस्तू आज आपल्याकडे कर्वे रोडवर, एलबीएस मार्गावर आणि गंगापूर रोडवर क्लासला जायला वापरली जाते. वाईट काहीच नाही. आपले रस्तेही काही कमी डोंगराळ नाहीत. पण स्टाइलबरोबर तिची देखभालही आली असती तर बरं झालं असतं.

‘एक फवारा मारतो, लोण्यासारखा चालेल’

आता माझी गोष्ट. दुसऱ्या वर्षाला असताना पावसाळ्यानंतर माझ्या सायकलचा फोर्क कुरकुरायला लागला. जवळच्या दुकानात गेलो. काका चांगले, पंक्चरपासून गिअरपर्यंत सगळं करणारे.

‘काका, शॉकअप जाम वाटतोय.’

‘अरे, त्यात काय! एक फवारा मारतो, लोण्यासारखा चालेल बघ.’

त्यांनी निळा-पिवळा डबा काढला, दोन्ही नळ्यांवर सढळ हाताने फवारलं, फोर्क चार वेळा दाबला. खरंच लोण्यासारखा चालला! पैसेही घेतले नाहीत. मी खूश. रविवारी सिंहगड. चढताना काही कळलं नाही. उतरताना दुसऱ्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर पार हँडलला टेकतोय आणि सायकल मात्र आपल्याच तोऱ्यात. फवाऱ्यातलं तेल डिस्कवर उडालं होतं आणि ब्रेकच्या पॅडनी ते पिऊन टाकलं होतं. मागच्या ब्रेकवर आणि एका दगडी कठड्याच्या कृपेने थांबलो. कोपर फुटलं. पॅड फेकून द्यावे लागले, कारण तेल प्यायलेला पॅड सहसा सुधारत नाही. आणि दोन आठवड्यांनी फोर्क आधीपेक्षा जास्त कुरकुरायला लागला.

यात काकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांना कुणी शिकवलंय? आणि मीच कुठे विचारलं होतं?

त्या डब्याची कुळकथा मात्र सांगायलाच हवी. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने बनवलं. ‘डब्ल्यूडी’ म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणारं. ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये, हे त्याचं सुरुवातीचं काम. म्हणजे जन्मच पाणी हटवण्यासाठी. गंजलेला नट सोडवायला ते झकास. पण फोर्कच्या सीलवर मारलं की ते पातळ असल्यामुळे आत झिरपतं, तिथलं मूळ ग्रीस धुऊन काढतं आणि स्वतः काही दिवसांत उडून जातं. मागे उरतो तो चिकट थर, ज्यावर आपल्या रस्त्यांवरची सगळी धूळ आनंदाने मुक्काम करते. सुरुवातीला लोण्यासारखा चालला तो यामुळे आणि नंतर जाम झाला तोही यामुळेच. (त्याच कंपनीचे सायकलसाठीचे वेगळे पदार्थही मिळतात. मी बोलतोय ते नेहमीच्या घरगुती डब्याबद्दल.)

पाच म्हणजे पाच नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ तेलाच्या आकड्यांवरून होतो. फोर्कमध्ये तेल दोन वेगळ्या कामांसाठी असतं. डँपरमधलं तेल पातळ आणि एकसारखं वागणारं हवं, कारण ते छिद्रांमधून किती वेगाने जातं यावर फोर्कचं वर येणं ठरतं. खालच्या पायांतलं तेल मात्र बुशिंग आणि सील ओले ठेवण्यापुरतं असतं, ते थोडं जाड, नळीला चिकटून राहणारं असलेलं चांगलं. खालच्या तेलाचं प्रमाण तर अगदीच किरकोळ, मॉडेलप्रमाणे पाच-दहा ते वीस-तीस मिलिलीटर. डोक्याला लावायला वाटीत घेतो त्याच्या आसपासच.

बाटलीवर ‘५’, ‘७.५’, ‘१०’ असं लिहिलेलं असतं. हे ‘वेट’. पण याला सगळ्यांना बांधणारा एकच मापदंड नाही. एका कंपनीचं ५ आणि दुसरीचं ५ सारखं घट्ट असेलच असं नाही. म्हणून जाणकार मंडळी बाटलीच्या पुढचा आकडा बघत नाहीत, ते माहितीपत्रकातला ४० अंश सेल्सिअसला असलेला ‘सेंटीस्टोक’चा आकडा बघतात. तो आकडा खरा. तेल बदलताना आधीच्या तेलाशी हा आकडा जुळवला तर फोर्क पूर्वीसारखाच वागतो.

मग हमखास येणारा प्रश्न, ‘बाइकचं इंजिन ऑइल चालेल का?’ याचं उत्तर ‘अजिबात नाही’ असं असेल असं मला वाटायचं. तसं ते नाही. रॉकशॉक्सच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये खालच्या पायांसाठी ‘०डब्ल्यू-३०’ दर्जाचं तेल सांगितलेलं होतं आणि हे आकडे इंजिन ऑइलच्याच भाषेतले आहेत. मॅनिटू ही कंपनीही खालच्या पायांसाठी सिंथेटिक इंजिन ऑइलच्या जातीचं तेल वापरत आली आहे. म्हणजे खालच्या पायांत, नुसतं वंगण म्हणून, चांगलं सिंथेटिक तेल घातल्याने आकाश कोसळत नाही. पण डँपरमध्ये ते कधीच नको. कारण इंजिन ऑइलचं ‘०डब्ल्यू’ आणि फोर्क ऑइलचं ‘५’ ही दोन वेगळी मापं आहेत. ०डब्ल्यू-३० ऐकायला पातळ वाटतं, पण ४० अंशांना ते ५ वेटच्या फोर्क ऑइलपेक्षा कितीतरी घट्ट असतं. डँपरमध्ये घातलं तर खाली गेलेला फोर्क वर यायला पुढचा सोमवार उजाडेल.

मोटरसायकलच्या स्पेअरच्या दुकानात मिळणारं फोर्क ऑइल हा आपल्याकडचा सगळ्यात व्यवहारी पर्याय आहे. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात सगळीकडे मिळतं, आणि अनेक उघड्या तेलाच्या डँपरना योग्य सेंटीस्टोकचं असेल तर चालतं. सायकलसाठी खास आयात केलेल्या बाटलीवर नुसतं डोंगराचं चित्र असतं म्हणून तिप्पट पैसे मोजायची गरज नाही. जिथे कंपनीने नेमकं तेल सांगितलंय तिथे मात्र तेच घाला, खासकरून वॉरंटी चालू असेल तर.

ग्रीसबद्दल एकच गोष्ट. सीलच्या आतल्या कडेला लावायचं ग्रीस मऊ, रबराला न फुगवणारं, सस्पेन्शनसाठी म्हणून विकलं जाणारं हवं. चाकाच्या छर्‍यांना लावतात ते जाड पिवळं-तांबडं ग्रीस तिथे भरलं तर थंडीत ते मेणासारखं घट्ट होऊन फोर्क अडखळतो. लोखंडी स्प्रिंगला मात्र ते जाड ग्रीस खुशाल लावा, तिथे त्याचा फायदाच होतो. स्प्रिंगचा खडखडाट थांबतो. आणि रॉकेल किंवा पेट्रोल सीलजवळही नको. चेन धुवायला दुकानात वाटीत जे रॉकेल असतं, त्याच ब्रशने फोर्क पुसायची सवय सगळीकडे दिसते. ती मोडायला हवी. चेनचं तेलही फोर्कवर चालत नाही. ते चिकटपणासाठीच बनवलेलं असतं.

पन्नास तास म्हणजे किती दिवस?

रॉकशॉक्स सांगते, खालच्या पायांची सर्व्हिस दर ५० तासांनी आणि पूर्ण सर्व्हिस २०० तासांनी. फॉक्सचं म्हणणं १२५ तास किंवा वर्ष, जे आधी येईल ते. आपल्याकडच्या परवडणाऱ्या सायकलींवर सर्रास दिसणारी एसआर सनटूर ५० आणि १०० तासांचे टप्पे सांगते. आता हिशेब करा. घर ते कॉलेज जाऊन-येऊन रोजचा एक तास, महिन्याचे २५ दिवस. दोन महिन्यांत ५० तास संपले! सेमिस्टर अर्धंही झालेलं नसतं.

हे तास अर्थातच कच्च्या वाटांवरच्या चालवण्याचा विचार करून दिलेले असतात. डांबरी रस्त्यावरचा तास आणि वेताळ टेकडीवरच्या मुरमातला तास एकच नव्हे. माझं स्वतःचं गणित असं आहे की फक्त शहरात चालवणाऱ्याने वर्षातून दोनदा फोर्क उघडावा. एकदा मेअखेर, पावसाआधी, म्हणजे सील नव्या ग्रीसने भरलेलं असेल. आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, खंडेनवमीला शस्त्रपूजन करताना नाहीतरी सायकल पुसतोच आपण, हार घालतो. त्याच्या आदल्या रविवारी फोर्क उघडला तर ती पूजा खऱ्या अर्थाने होईल. टेकडीवर, कोकणच्या लाल चिखलात, महाबळेश्वरच्या जंगलवाटांवर जाणाऱ्यांनी मात्र तासांचा हिशेब पाळावाच. जांभ्याची ती बारीक लाल माती सीलखाली अशी जाऊन बसते की फडक्यावर आठवडाभर रंग उतरत राहतो.

पावसाळ्यातली दुसरी मोठी चूक म्हणजे बाइकच्या वॉशिंग सेंटरवर सायकल नेणं. तो पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर आणि चाकाच्या मधोमध मारला की पाणी आत शिरतं आणि तेलाचं दुधाळ सरबत होतं. बादली, मग, जुना टूथब्रश, पातळ साबण. एवढ्यात काम होतं. आणि प्रत्येक राइडनंतर नळ्या आणि सीलची कड कोरड्या सुती फडक्याने पुसायची. अर्धा मिनिट लागतो. माझ्या मते सगळ्या तेलांपेक्षा या फडक्याची किंमत जास्त आहे.

हवेच्या फोर्कवाल्यांसाठी उन्हाळ्याची एक गोष्ट. जानेवारीतल्या पहाटे १५ अंशांना ८० पीएसआय हवा भरली असेल, तर एप्रिलमध्ये ४० अंशांच्या दुपारी तीच हवा साधारण ८८ पीएसआय दाखवेल. हवा भरायचीच गरज नाही, उन्हानेच भरली. त्यात डँपरमधलं तेल उन्हाने पातळ होतं, म्हणजे फोर्क कडकही होतो आणि उसळायलाही लागतो. ‘उन्हाळ्यात सायकल वेगळीच चालते’ असं वाटतं ते मनाचे खेळ नसतात. सायकलवर बसल्यावर नुसत्या वजनाने फोर्क किती दबतो ते मोजा. १०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये १५ ते २० मिलिमीटर दबला तर ठीक. त्यासाठी नळीवर एक रबरी रिंग असते. नसेल तर भाजीच्या जुडीचं रबर लावा.

लोखंडी स्प्रिंगवाल्यांना वरच्या निळ्या-लाल बटणाचा फार मोह असतो. ते फिरवलं की फोर्क ‘मऊ’ किंवा ‘कडक’ होतो असं दुकानात सांगतात. ते प्रीलोड. ते स्प्रिंगला सुरुवातीला किती दाबून ठेवायचं एवढंच ठरवतं, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. ५० किलोच्या मुलीला मधल्या वजनाच्या माणसासाठी बनवलेली स्प्रिंग दिली तर बटण कितीही फिरवा, फोर्क अर्धाच वापरला जाणार. सायकली निवडताना आपल्याकडे हे कुणीच विचारत नाही, आणि त्यात मुलींचं जास्त नुकसान होतं. फोर्क खराब नसतो, तो त्यांच्यासाठी बनलेलाच नसतो.

उघडून बघायचं धाडस

साधा स्प्रिंगचा फोर्क उघडणं हे सर्किट सोल्डर करण्यापेक्षा सोपं आहे. पुढचं चाक काढा, ब्रेकचा कॅलिपर सोडवून बाजूला बांधा आणि डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा (ही माझी सिंहगडाची शिकवण). खालचे दोन बोल्ट सोडवा, पाय खाली ओढा. आतलं जुनं ग्रीस बघून पहिल्यांदा किळस येईल, काळं, वाळूसारखं खरखरीत. धागे न सुटणाऱ्या फडक्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसा, नवं ग्रीस बुशिंगला, सीलच्या आत आणि स्प्रिंगला लावा, परत जोडा. चहाच्या दोन फेऱ्यांत होतं.

हवेच्या किंवा तेलाच्या फोर्कमध्ये जरा जास्त काळजी. बोल्टला हात लावण्याआधी हवा पूर्ण काढायची. हे विसरलात तर आतला भाग गोळीसारखा बाहेर येऊ शकतो. बोल्ट पूर्ण न काढता दोन-तीन आटे सैल करायचे, त्यावर रबरी हातोडीने हलकं ठोकायचं, मग पाय सुटतात आणि खालून कडक चहाच्या रंगाचं तेल गळतं. फोमच्या रिंगा नव्या तेलात भिजवायच्या, मोजून तेल इंजेक्शनच्या सिरिंजने घालायचं, बोल्टखालचे छोटे वॉशर बदलायचे आणि पाना अंदाजाने न आवळता मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळायचा. बंद डँपर आणि मागचा शॉक मात्र घरी उघडू नका. मागच्या शॉकमध्ये बऱ्याचदा दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, आणि तो तुमची हौस बघून थांबत नाही. निघालेलं तेल गटारात ओतायचं नाही, बाइकच्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचा डबा असतो, त्यात द्यायचं.

बातमीच्या बाजूने बघितलं तर इथे एक मजेशीर विरोधाभास दिसतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. सुरुवातीला चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. वाहनं म्हणजे मोटारी-बाइक, आपली सायकल त्यात नाही. युरोपियन युनियनचा २०२४ चा दुरुस्ती-हक्काचा कायदा घ्या. त्याच्या यादीत बॅटरीमुळे ई-बाइक येते, साधी सायकल येत नाही. सायकल तर कुणीही दुरुस्त करू शकतो, असं सगळ्यांनीच गृहीत धरलंय. आणि तसं बघायला गेलं तर माहिती लपवलेली नाहीच. मोठ्या फोर्क कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअल्स आणि व्हिडिओ नेटवर फुकट आहेत, कुठल्याही मोबाइल कंपनीने लाजावं इतकी सविस्तर.

मग अडतं कुठे? भागांपाशी. माझ्या फोर्कच्या नव्या सीलसाठी मी तीन दुकानं फिरलो. एकाने ‘सील वेगळं येत नाही, फोर्कच बदल’ म्हटलं. दुसऱ्याने मागवतो म्हणून दीड महिना लावला. तिसऱ्या दुकानातल्या दादाने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘तुझ्या फोर्कपेक्षा सील आणि माझी मजुरी महाग पडेल रे.’ जीएसटी सुट्या भागांवरही ५ टक्के झाला, उत्तम. पण दुकानात नसलेल्या भागावर ५ टक्के काय आणि १२ काय! खरं ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे त्या दोन रबरी रिंगा सदाशिव पेठेत मिळणं. सायकल विकताना पुढची इतकी वर्षं सील आणि बुशिंग मिळतील, असं कंपनीने छापील सांगावं अशी मागणी ग्राहकांकडून का येत नाही? मोबाइलच्या बाबतीत आपण भांडतो. २५ हजारांच्या सायकलला मात्र ‘घेतानाच माहीत होतं’ म्हणून सोडून देतो.

हे आत्ताच विचारायचं कारण असं की खेळ आपल्याकडे येतोय. २०२२ मध्ये लेहला यूसीआयचा एमटीबी एलिमिनेटर वर्ल्ड कप झाला. २०२३ मध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली. सह्याद्रीत तर कच्च्या वाटांना तोटाच नाही. रायडर तयार होतायत, पण त्यांच्या फोर्कला हात लावू शकणारे मेकॅनिक मोठ्या शहरांतल्या मोजक्या दुकानांत आहेत. सातारा, चिपळूण किंवा जव्हारच्या मुलाला फोर्क कुरिअरने पाठवावा लागतो. आयटीआयमध्ये दुचाकी दुरुस्तीचे कोर्स आहेत, आणि मोटरसायकलचा फोर्क खोलणाऱ्या मुलाला सायकलचा शिकायला फारसा वेळ लागणार नाही. तत्त्व तेच, आकार लहान. ज्यांना इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी विषय सापडत नाही त्यांनी इकडे बघावं. स्वस्त फोर्कचं सील स्थानिक पातळीवर बनवता येतं का, हा विषय आणखी एका अटेंडन्स ॲपपेक्षा नक्कीच बरा.

आणि एक न आवडणारी गोष्ट सांगतो. तुम्ही फक्त डांबरी रस्त्यावर, कॉलेजपुरतीच सायकल चालवणार असाल तर शॉकअप घेऊच नका. त्याच किमतीत साधा कडक फोर्क आणि जरा रुंद टायरची सायकल हलकी मिळते, तिचे गिअर आणि ब्रेक बऱ्याचदा जास्त चांगले असतात, आणि खड्ड्याचा बराचसा धक्का योग्य हवेचा रुंद टायरच झेलतो. त्या फोर्कला ना तेल लागतं, ना सील. दुकानदार ‘शॉकअपवाली घ्या, मुलांना तीच आवडते’ म्हणेल. म्हणू दे.

माझ्याकडे मात्र शॉकअपवालीच आहे, आणि टेकडी सुटत नाही. शेवटी सील मिळालं ते नाशिकच्या एका मित्राच्या जुन्या फोर्कमधून, वापरलेलं पण धडधाकट. त्या काकांच्या दुकानातच, त्यांच्या पान्यांनी आम्ही दोघांनी फोर्क उघडला. काकांनी आतली काळी पेस्ट बोटावर घेऊन चोळून बघितली आणि म्हणाले, ‘च्यायला, हे तर मी कधी बघितलंच नव्हतं.’ आता त्यांच्या फळीवर निळ्या-पिवळ्या डब्याशेजारी फोर्क ऑइलची एक छोटी बाटली आणि एक सिरिंज असते. मागच्या महिन्यात त्यांनी तीन फोर्क उघडले. एकाचे पैसेही घेतले.